धुक्यात आणि पावसात मालाची गाडी : थोडा हिशोब, थोडी खबरदारी

व्यापारी माणूस बाजाराची हवा रोज सकाळी पाहतो. सुताचा भाव काय निघाला, ग्रे कापडाला उठाव आहे की नाही, भिवंडीत आणि सुरतेत काय चालले आहे, याची चौकशी केल्याशिवाय त्याचा चहा घशाखाली उतरत नाही. आभाळाची हवा पाहण्याचे काम मात्र त्याने ड्रायव्हरवर सोडून दिलेले असते. गाडी भरली, बिल्टी हातात दिली, ‘सकाळी माल पोहोचला पाहिजे’ एवढे बजावले, की आपली जबाबदारी संपली असे आपण धरून चालतो. आमचे म्हणणे असे आहे की, खराब हवामानात आपली जबाबदारी तेथे संपत नाही, तेथूनच ती सुरू होते. गाडी किती भरायची, कधी सोडायची आणि कधी पोहोचवायची हे तिन्ही निर्णय पेढीवर होतात. ड्रायव्हरच्या हाती उरते ते फक्त स्टिअरिंग.

हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्याचे आणखी एक कारण आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२५ साली तो मार्चच्या सुरुवातीला लागला. २०२८ साली तो जानेवारीच्या अखेरीस येईल आणि २०३० साली तर वर्षाच्या सुरुवातीला एकदा आणि अखेरीस पुन्हा एकदा, असा दोन वेळा लागेल. म्हणजे ईदच्या सीझनचा माल आता डिसेंबर-जानेवारीत हलणार. हेच दिवस धुक्याचे, हेच दिवस उसाच्या ट्रॉल्यांचे. धंद्याची सर्वांत मोठी घाई आणि रस्त्याची सर्वांत वाईट हवा ही दोन्ही पुढची काही वर्षे एकाच वेळी येतील. त्याचा विचार आजच केलेला बरा.

आपला रस्ता

उदाहरणादाखल आपण मालेगाव ते भिवंडी हा रस्ता घेऊ. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ म्हणून ओळखला जाणारा हा मुंबई-आग्रा रस्ता आहे. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मालेगावचे ग्रे कापड आणि भिवंडीचा माल वर्षानुवर्षे याच रस्त्याने येत-जात आला आहे. या एका रस्त्यावर हवामानाचे सगळे नमुने पाहायला मिळतात. चांदवडच्या अलीकडे राहुड घाट आहे. पुढे पिंपळगाव बसवंत, ओझर हा निफाड तालुक्याचा भाग आहे. थंडीत राज्यातले नीचांकी तापमान अनेकदा याच तालुक्यात नोंदले जाते आणि पहाटे शेतांवरून धुके रस्त्यावर उतरते. नाशिक ओलांडून घोटी, इगतपुरी गाठली की पावसाळ्यात ढगच जमिनीला टेकलेले असतात. त्यापुढे कसारा घाट, ज्याला थळ घाटही म्हणतात. घाट उतरला की शहापूर, पडघा आणि मग भिवंडीची गर्दी.

५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा सुमारे ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आहे. त्यात इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा असल्यामुळे कसारा घाट टाळता येतो. टोल द्यावा लागतो, हे खरे. परंतु जुलै महिन्यातल्या मुसळधार रात्री घाटातून जाणे आणि बोगद्यातून जाणे यांतला फरक टोलच्या पावतीपेक्षा मोठा आहे. मात्र बोगद्यातून बाहेर पडताना कोरडा रस्ता एकदम संपतो आणि समोर पाऊस किंवा धुके असू शकते. म्हणून बोगद्याचे तोंड दिसू लागले की वेग कमी करावा.

धुके कशाने पडते

स्वच्छ आभाळ, वारा नाही, जमिनीत ओल आहे, अशा रात्री जमीन लवकर थंड होते. तिच्यालगतची हवाही थंड होते आणि हवेतल्या वाफेचे बारीक थेंब बनतात. हेच धुके. ते मध्यरात्रीनंतर धरू लागते आणि सूर्योदयाच्या आगेमागे सर्वांत दाट असते. नदी, कालवा, पाणी भरलेले शेत यांच्याजवळ ते जास्त असते. त्यामुळे वरच्या रस्त्यावर सगळे साफ दिसत असताना पुलाजवळच्या सखल भागात गाडी एकदम पांढऱ्या भिंतीत शिरते. हवामान खात्याच्या भाषेत २०० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर ते दाट धुके आणि ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर अतिदाट.

धुक्यात पहिली चूक होते ती दिव्याची. दिसत नाही म्हणून ड्रायव्हर हेडलाइट ‘अप्पर’ला टाकतो. तो उजेड पाण्याच्या थेंबांवर आपटून परत त्याच्याच डोळ्यांवर येतो आणि होते तेवढेही दिसेनासे होते. धुक्यात दिवा ‘डिपर’लाच ठेवावा. फॉग लॅम्प गाडीच्या खालच्या बाजूला बसवतात ते याचसाठी की उजेड धुक्याच्या खालून रस्त्यावर पडावा. दिवसा धुके असले तरी दिवे सुरू ठेवावेत, कारण आपल्याला दिसावे याइतकेच आपण इतरांना दिसणे महत्त्वाचे आहे.

दुसरी चूक चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवण्याची. मागच्या माणसाला मग कळत नाही की गाडी उभी आहे, वळते आहे की चालते आहे. चारही इंडिकेटर गाडी उभी करावी लागली तरच लावावेत.

तिसरी चूक पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून त्याच्या मागेमागे जाण्याची. तो दिवा आपल्याला धीर देतो, आणि म्हणूनच आपण त्याच्या जास्त जवळ जातो. त्याने ब्रेक मारला की आपल्याला जागा उरत नाही. त्याऐवजी रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी पट्टी नजरेत ठेवावी, काच थोडी खाली करून कान उघडे ठेवावेत आणि ओव्हरटेक करण्याचा विचारही मनात आणू नये.

काच आतून धूसर होते तो प्रकार वेगळा. श्वासाची वाफ थंड काचेवर बसते. एसी असेल तर त्याची हवा काचेवर सोडावी, एसी नसलेल्या टेम्पोत दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात. एक स्वच्छ सुती फडका ड्रायव्हरच्या हाताशी असावा. तो तरी आपण कापडवाल्यांनी द्यायला हरकत नाही.

तागा उलगडून पाहा

आता थोडा हिशोब. समोर काही आडवे आले असे दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्या वेळात गाडी आपल्या वेगाने पुढे जातच असते. ब्रेक लागल्यानंतरही ती काही अंतर घसरत जाऊन मगच थांबते. ओल्या डांबरी रस्त्यावर, टायर चांगले असताना, हा ढोबळ हिशोब असा बसतो : ताशी ३० किलोमीटर वेग असेल तर गाडी सुमारे २१ मीटरवर थांबते. ४० असेल तर ३२ मीटर. ६० असेल तर ६० मीटर. आणि ८० असेल तर सुमारे ९६ मीटर. रस्ता कोरडा असता तर ८० च्या वेगाने हेच अंतर ७० मीटरच्या आत राहिले असते. भरलेल्या मालगाडीला याहून जास्त जागा लागते.

मीटरची भाषा आपल्याला कोणी शिकवायला नको. शंभर मीटरचा एक तागा रस्त्यावर आडवा न घालता लांबच लांब उलगडून ठेवला आहे अशी कल्पना करा. ८० च्या वेगाने ओल्या रस्त्यावर धावणारी गाडी थांबायला जवळजवळ तो सबंध तागा खाते. वेग अर्ध्यावर आणला तर ती तागा अर्धा नव्हे, एक तृतीयांशच खाते. वेग दुप्पट केला की ब्रेकचे अंतर चौपट होते, हा त्यातला मुद्दा आहे. आणि धुक्यात दिसते किती? ५० मीटर. म्हणजे अर्धा तागा. अर्ध्या ताग्याचे दिसत असताना आख्ख्या ताग्याचा वेग ठेवणे हा उधारीचा असा सौदा आहे की ज्याची वसुली कधी आणि कोणाकडून होईल ते सांगता येत नाही. म्हणून नियम एकच : जेवढे दिसते तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. ५० मीटर दिसत असेल तर ४० च्या वर जाऊ नये. त्याहून कमी दिसत असेल तर ३० किंवा त्याखाली. काहीच दिसत नसेल तर पेट्रोल पंप किंवा ढाबा पाहून गाडी आत घ्यावी. रस्त्याच्या कडेला, पट्टीवर, कधीही उभी करू नये. धुक्यात कडेला उभी असलेली गाडी ही मागून येणाऱ्यासाठी भिंत असते.

पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवावे यासाठीही सोपे माप आहे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की शांतपणे पूर्ण बिस्मिल्लाह म्हणावी. त्याला साधारण दोन सेकंद लागतात. ती पूर्ण होण्याआधीच आपण त्या खांबाशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत. हे माप कोरड्या रस्त्याचे. पावसात आणि धुक्यात तीच दोनदा म्हणून व्हावी.

पावसाची पहिली सर

जूनमधला पहिला पाऊस हा सर्वांत फसवा. आठ महिन्यांची धूळ, गाड्यांचे गळलेले ऑइल आणि टायरचा झिजलेला रबर रस्त्यावर साचलेला असतो. पहिल्या सरीने तो धुऊन जात नाही, नुसता भिजतो आणि रस्त्यावर साबणासारखा थर येतो. चांगला तास-दोन तास पाऊस झाल्यावर तो वाहून जातो. म्हणून पहिली सर आली की निदान अर्धा तास गाडी सावकाश हाकावी.

टायरवर जी नक्षी असते ती शोभेची नाही. रस्त्यावरचे पाणी खोबणींतून बाजूला फेकणे हे तिचे काम. नक्षी झिजली आणि वेग जास्त असला की पाणी बाजूला जात नाही, टायर पाण्याच्या पातळ थरावर उचलला जातो. स्टिअरिंग एकदम हलके लागते, ब्रेक मारला तर गाडी फिरते. असे झाल्यास ब्रेक जोरात दाबू नये, स्टिअरिंग सरळ धरून फक्त ॲक्सिलरेटर सोडावा. टायर पुन्हा रस्ता पकडतो. चारचाकी आणि त्यावरच्या गाड्यांना नक्षीची खोली निदान १.६ मिलिमीटर असली पाहिजे असा नियम आहे. ती मोजायला यंत्र लागत नाही. खोबणीच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. ‘अजून दोन फेऱ्या निघतील’ हे वाक्य पावसाळ्यात बोलू नये. थंडीत टायरमधली हवा आपोआप थोडी उतरते, म्हणून हवा सकाळी, गाडी चालण्यापूर्वी तपासावी.

घाटात

घाट उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय काही ड्रायव्हरांना असते आणि काही मालक ती हुशारी समजतात. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे खेचून धरते. न्यूट्रलमध्ये हा आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेले ब्रेक तापतात, तापलेले ब्रेक पकड सोडतात. हवेच्या ब्रेकवर पुन्हा पुन्हा पाय मारला तर टाकीतली हवाही उतरत जाते. जुन्या उस्तादांचा नियम आजही खरा आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. दोन लिटर डिझेल वाचवून ताग्यांनी भरलेली गाडी दरीत घालणे याला काटकसर म्हणत नाहीत.

साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की ब्रेक ओले होतात. पुढे गेल्यावर मागे कोणी जवळ नाही हे पाहून दोन-तीन वेळा हलकेच ब्रेक दाबून ते वाळवून घ्यावेत. पावसाळ्यात घाटाच्या कड्याखाली गाडी उभी करू नये. दरडीचे दगड आधी सूचना देऊन येत नाहीत.

गाडी भरताना

आता पेढीवर येऊ. कापडाच्या गाठी जड असतात आणि सुताच्या बॅगा जागा जास्त व्यापतात. गाठींनी वजन वाढते, बॅगांनी उंची. दोन्हींतून धोका वेगवेगळा आहे. वजन जास्त झाले की गाडी थांबायला जास्त अंतर घेते. उंची जास्त झाली की वळणावर आणि घाटमाथ्याच्या वाऱ्यात गाडी कलते. जड गाठी खाली, हलका माल वर, दोन्ही बाजूंना वजन सारखे, आणि दोरखंड असा आवळलेला की माल वळणावर सरकणार नाही, हे हमालांवर न सोडता स्वतः उभे राहून पाहावे. ताडपत्री फाटकी असेल तर पाऊस नुसता मालच खराब करत नाही; भिजलेले ग्रे कापड पाणी पिते आणि वाटेत गाडीचे वजन वाढत जाते. ताडपत्रीचे सुटलेले टोक मागच्या दिव्यांवर लोंबत असेल तर मागच्याला आपली गाडी दिसतच नाही. मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावायला फार थोडा खर्च येतो.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये अशी तरतूद आहे. परंतु दंडाची भीती हे लहान कारण झाले. अपघात झाला आणि गाडी जादा भरलेली निघाली, तर विम्याच्या दाव्यात पहिला वाद त्यावरूनच उभा राहतो.

उसाच्या ट्रॉल्या, पुराचे पूल

थंडी म्हणजे आपल्याकडे गाळपाचा हंगाम. नाशिक, नगर, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांत, म्हणजे इचलकरंजीच्या वाटेवरही, रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालू असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. धुक्यात ती ट्रॉली दिसते तेव्हा ती अगदी समोर आलेली असते. या भागातून रात्री जाणाऱ्याने प्रत्येक अंधाऱ्या ठिकाणी ट्रॉली आहेच असे धरून चालावे.

पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबावे, मग माल कोणाचाही असो. एक फूटभर वाहते पाणी मोटारीला उचलू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेऊ शकते. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही हे वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्या व इतर वाहने अंधारात नदीत गेली. पुढे रस्ताच नाही हे त्या ड्रायव्हरांना दिसणे शक्य नव्हते. तेव्हापासून पुराच्या रात्री आम्ही एवढेच म्हणतो की पाणी उतरेपर्यंत गाडी जेथे आहे तेथे असू द्या.

उत्तरेकडे जाणाऱ्यांसाठी

आपल्यातले काही व्यापारी थंडीच्या दिवसांत ब्लँकेटसाठी पानिपतला, होजिअरीसाठी लुधियानाला जातात. तिकडचे धुके हे आपल्या धुक्याचे मोठे भाऊ समजावे. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत ते कधी कधी दुपारपर्यंत हटत नाही. ग्रेटर नोएडा ते आग्रा हा यमुना एक्सप्रेसवे २०१२ साली सुरू झाला. तेथे थंडीच्या दोन महिन्यांत, १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी, वेगाची मर्यादाच खाली आणतात. लहान गाड्यांना १०० ऐवजी ताशी ७५. सरकारी नियमाने जे होते ते आपण आपल्या गाडीपुरते स्वतःहून करू शकतो. महाराष्ट्रातल्या ड्रायव्हरला तिकडच्या धुक्याची सवय नसते. तेथे रात्री गाडी काढू नये, सकाळी दहा-अकराशिवाय निघू नये. शक्य असेल तर स्वतः रेल्वेने जावे आणि माल तिकडच्या ट्रान्सपोर्टने मागवावा.

ड्रायव्हरची झोप

सर्वांत वाईट हवामान डोळ्यांत असते. रात्री दोन ते पाच या वेळेत माणसाचे शरीर झोप मागते, मग तो कितीही जुना उस्ताद असो. धुकेही त्याच वेळी दाट होते. चहाने झोप थोडा वेळ पुढे ढकलली जाते, जात नाही. तिच्यावर इलाज एकच, झोप. वीस मिनिटांची डुलकीसुद्धा उपयोगी पडते. मोटार कामगारांसाठी १९६१ सालच्या कायद्याने दिवसाला आठ तास कामाची मर्यादा घातली होती आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. कायदे बदलतात, शरीर बदलत नाही. दिवसभर माल भरायला हाताशी धरलेल्या माणसालाच रात्री गाडीवर बसवणे हा जुलूम आहे.

रमजानात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. शरीअतने मुसाफिराला नमाजेत कसर आणि रोजा पुढे ढकलण्याची सवलत दिली आहे. ती केव्हा आणि कशी घ्यावी हे आलिमांना विचारावे. परंतु जो ड्रायव्हर ती सवलत घेतो त्याला पेढीवर टोमणा मारू नये, आणि जो रोजा ठेवतो त्याला इफ्तारच्या वेळी गाडी पळवावी लागेल अशी वेळ देऊ नये. फजरची नमाज वाटेत मशिदीत किंवा ढाब्यावर पढून, सूर्य वर येईपर्यंत तेथेच थांबावे. धुकेही तोपर्यंत विरू लागते.

मोटारसायकलवाले

आठवडी बाजार करणारे आणि गावोगाव कापड घेऊन फिरणारे आपले भाऊ मोटारसायकलवर असतात. त्यांनी पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे आणि पुलाचे लोखंडी सांधे यांवर ब्रेक मारू नये. ते ओले झाले की घसरतात. गाठोडे सीटच्या बाहेर फार येऊ देऊ नये. रेनकोटचे टोक, मागे बसलेल्या बाईचा बुरखा किंवा ओढणी चाकात जाणार नाही असे बांधून घ्यावे. थंडीत हातमोजे घालावेत, कारण बधिर झालेली बोटे वेळेवर ब्रेक दाबत नाहीत. हेल्मेट डोक्यावर असावे, आरशाला अडकवलेले नसावे.

पेढीवर काय करता येईल

पहिले, गाडी भरण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा. आता तो मोबाइलवर मिळतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल असेल तर गाडी सोडू नये. दुसरे, पार्टीला माल पोहोचण्याची तारीख सांगताना पावसाळ्यात आणि धुक्याच्या दिवसांत एक दिवस जादा धरावा. तिसरे, हवामानामुळे उशीर झाला तर भाडे कापले जाणार नाही आणि थांबल्याचा भत्ता मिळेल, हे ड्रायव्हरला आधीच सांगावे. उशिराबद्दल भाडे कापण्याची जी रीत आहे, तीच त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबते. चौथे, लायसन्स, फिटनेस, विमा यांच्या तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात. गाडीच्या विम्यात मालाचे नुकसान येत नाही, त्याची पॉलिसी वेगळी असते. क्लीनर आणि हमाल यांच्यासाठी काय तरतूद आहे हेही वाचून घ्यावे. पाचवे, गाडीत टॉर्च, लाल त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी असावी आणि पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ हे नंबर केबिनमध्ये ठळक लिहिलेले असावेत. दुसऱ्याचा अपघात दिसला तर थांबून मदत करावी. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, असे संरक्षण आता कायद्यानेच दिले आहे.

घाईने मिळते काय, तेही पाहू. नाशिक ते भिवंडी सुमारे १३५ किलोमीटर. सरासरी ६० ने गेलो तर सव्वादोन तास, ४५ ने गेलो तर तीन तास. फरक पाऊण तासाचा. पहाटे पाचला पोहोचलेली गाडी हमाल येईपर्यंत आणि गोदामाचे कुलूप उघडेपर्यंत उभीच राहते. शहरात अवजड गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते ती वेगळीच. म्हणजे जो पाऊण तास ड्रायव्हरने जीव धोक्यात घालून वाचवला, तो गोदामाच्या दारात वाया जातो.

काही लोक म्हणतात, जे व्हायचे ते होते, सारे अल्लाहच्या हाती आहे. निश्चितच आहे. परंतु आधी उंट बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही शिकवणही आपल्याला लहानपणापासून दिलेली आहे. आजच्या काळात टायर, ब्रेक, दिवे आणि झोप ही ती उंटाची दोरी आहे. मालाची गाठ भिजली तर उन्हात वाळते, सौदा मोडला तर दुसरा होतो, पार्टी रागावली तर ईदला गळाभेट घेऊन मनवता येते. गाडीवर बसलेला माणूस मात्र कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी मुलगा असतो आणि जोपर्यंत तो आपला माल घेऊन रस्त्यावर आहे तोपर्यंत तो आपल्याकडे त्याच्या घरच्यांची अमानत आहे. तेव्हा या सीझनला गाडी सोडताना ‘सकाळी माल पोहोचला पाहिजे’ असे न म्हणता ‘हवा पाहून या, उशीर झाला तरी चालेल’ एवढे म्हणावे. अल्लाह सर्व मुसाफिरांना सुखरूप घरी पोहोचवो. आमीन.